मॉन्ट्रियल: वर्गाची भाषा आणि मधल्या सुट्टीची भाषा

जास्वंद | १४ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण गेले चार दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतेय. जरा लांबेल.

आम्ही २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्याहून मॉन्ट्रियलला आलो. नवऱ्याचं वर्क परमिट, लेक तेव्हा सहा वर्षांची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: क्वेबेक प्रांतात मुलाला इंग्रजी सरकारी शाळेत घालायचं तर पात्रतेचं प्रमाणपत्र लागतं. आई किंवा वडील कॅनडात इंग्रजी माध्यमातून प्राथमिक शिकलेले असतील तर ते मिळतं. आपण पुण्यात कितीही इंग्रजी माध्यमात शिकलेलो असलो तरी त्याचा इथे उपयोग नाही. वर्क परमिटवर आलेल्यांच्या मुलांना मात्र तात्पुरती सूट असते. ती आम्हाला मिळाली, पण २०२२ च्या नव्या कायद्याने (इथे सगळे त्याला बिल ९६ म्हणतात) ती तीन वर्षांपुरतीच ठेवली आहे. वाढवून मिळत नाही. आमची तीन वर्षं या जूनमध्ये संपली.

म्हणजे तिसरी झालेली, मैत्रिणी जमवलेली, इंग्रजीत गोष्टी लिहायला लागलेली पोर ऑगस्टअखेर फ्रेंच शाळेच्या 'क्लास दाकय'मध्ये जाऊन बसली. फ्रेंच न येणाऱ्या नव्या मुलांचा हा वेगळा वर्ग असतो. पहिल्या दिवशी तिला एकच वाक्य पाठ करून पाठवलं होतं: "एस्क ज प अले ओ त्वालेत?" बाथरूमला जाऊ का. वर्गात फक्त तेवढं एक वाक्य बोलता येणं नऊ वर्षांच्या मुलीला काय वाटत असेल, याचा विचार करून मी त्या दिवशी ऑफिसात काहीही काम करू शकले नाही.

तरीही फ्रेंचला माझा विरोध नाही. मी स्वतः आठवड्यातून दोन संध्याकाळी सरकारच्या मोफत फ्रेंच वर्गाला जाते. ज्या गावात राहायचं त्या गावची भाषा शिकायची, हे आम्ही पुण्यात येणाऱ्यांना सांगतच मोठे झालो.

माझी तक्रार मंगळवारची आहे. शेजारच्या वर्गात नाशिकची एक मुलगी आहे. मधल्या सुट्टीत दोघी बालाँ-प्वार खेळत होत्या. खांबाला दोरीने बांधलेला चेंडू टोलवायचा खेळ असतो तो. कुणाची पाळी यावरून दोघींचं मराठीत भांडण जुंपलं. मैदानावरच्या देखरेखीच्या बाई आल्या, "आँ फ्रान्से, ले फीय" (फ्रेंचमध्ये, मुलींनो) म्हणाल्या, आणि वर्गात जाऊन तक्त्यावरचा एक तारा काढला. तारा सगळ्या वर्गाचा असतो. वीस तारे झाले की सहल. साहजिकच बाकीची मुलं हिच्यावर चिडली.

ती रात्री मला म्हणाली, "आई, हळू बोललं तर चालतं का?"

हे कायद्यात आहे का? तुमच्यापैकी कुणाच्या मुलांना हा अनुभव आला आहे का? तुम्ही काय केलंत?

ओटावाकर | १४ सप्टेंबर २०२५

कायद्यात नाही. १९७७ चा फ्रेंच भाषेचा चार्टर, म्हणजे बिल १०१, शिकवण्याच्या भाषेबद्दल बोलतो. मधल्या सुट्टीत मुलांनी आपसात काय बोलावं याबद्दल त्यात काही नाही. हे शाळेच्या 'कोद द व्ही'मध्ये असतं, म्हणजे शाळेची आचारसंहिता. मुलीच्या आजेंडा वहीत सुरुवातीच्या पानांवर छापलेली असेल आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही त्यावर सही केलेली असेल. आधी ती वाचा. २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या सर्वांत मोठ्या फ्रेंच शाळामंडळाने व्हरांडा आणि मैदानातही फ्रेंचच बोलायचं असं जाहीर केलं होतं, तेव्हा बराच गदारोळ झाला होता. काही शाळांत ती पद्धत अजून आहे, काहींत नाही.

जास्वंद | १४ सप्टेंबर २०२५

वही काढून पाहिली. आहे, आठवा मुद्दा. सही माझीच आहे. फ्रेंचमध्ये होतं आणि मी न वाचता केली.

पर्वतीपायथा | १५ सप्टेंबर २०२५

ताई, लेकीबद्दल वाईट वाटलं. पण एक सांगू का, मला त्या लोकांचा हेवा वाटतो. आपल्याकडे मराठी सक्तीचा कायदा २०२० मध्ये झाला, आणि आजही पुण्या-मुंबईत मराठीचा तास उरकायचा म्हणून घेणाऱ्या शाळा आहेत. याच वर्षी पहिलीपासून हिंदीचे ते जीआर आले, १६ एप्रिलचा, मग १७ जूनचा, आणि २९ जूनला सरकारला दोन्ही मागे घ्यावे लागले. आपण दर वेळी अंगावर आल्यावर जागे होतो. त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी ठरवलं आणि करून दाखवलं. सगळ्या उत्तर अमेरिकेत इंग्रजीचा समुद्र, त्यात ऐंशी-नव्वद लाखांचा प्रांत. नियम ढिला सोडला तर दोन पिढ्यांत संपतील.

वेस्टआयलंड | १५ सप्टेंबर २०२५

पर्वतीपायथा, लांबून पाहिलं की असंच वाटतं. मी इथे सोळा वर्षं आहे. करून दाखवलं म्हणजे काय, ते ऐका.

एक, हा कायदा फक्त परक्यांवर नाही. फ्रेंच आईबापांनाही आपलं मूल इंग्रजी सरकारी शाळेत घालता येत नाही. माझ्या शेजारी पूर्ण फ्रेंच कुटुंब आहे. त्या बाईंना वाटतं, मुलाला इंग्रजी नीट यावं, नोकरीला बरं. परवानगी नाही. असे पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, २००५ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. भाषा जपायची म्हणून त्या भाषेच्याच माणसाचा निर्णय काढून घेतला.

दोन, पैसेवाल्यांनी वाट काढलीच. विनाअनुदानित खाजगी इंग्रजी शाळेत वर्षभर फी भरायची, त्या जोरावर प्रमाणपत्र मिळवायचं आणि मग सरकारी इंग्रजी शाळेत जायचं. सरकारने २००२ मध्ये ही पळवाट बुजवली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल घटनाबाह्य ठरवला, २०१० मध्ये नवा कायदा आला. आता नुसतं वर्ष पुरत नाही, बरीच वर्षं काढावी लागतात आणि सगळा हिशेब तपासला जातो. म्हणजे वाट आहे, फक्त महाग झाली.

तीन, इंग्रजी शाळा रिकाम्या होताहेत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अडीच लाखांच्या आसपास मुलं होती, आता लाखभर. आमच्या भागातली एक शाळा डोळ्यांदेखत बंद झाली.

आणि कधीकधी हे फार छोट्या गोष्टींवर येतं. २०१३ मध्ये इथल्या एका इटालियन रेस्तराँला मेनूवर 'पास्ता' लिहिलं म्हणून भाषा कार्यालयाचं पत्र आलं होतं. जगभर बातम्या झाल्या आणि कार्यालयाच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. २०१७ मध्ये विधानसभेने एकमताने ठराव केला की दुकानदारांनी गिऱ्हाइकाला 'बाँजूर-हाय' न म्हणता नुसतं 'बाँजूर' म्हणावं. एकमताने!

इथे फ्रेंचची गोडी जबरदस्तीशिवाय लागली होती, हे कुणी आठवत नाही. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलच्या नदीपलीकडच्या सेंट-लँबर्टमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांनीच शाळामंडळाच्या मागे लागून आपल्या मुलांसाठी बालवर्गापासून सगळं फ्रेंचमधून शिकवणारा वर्ग काढायला लावला. आज कॅनडाभर ज्याला फ्रेंच इमर्शन म्हणतात ते तिथून सुरू झालं. बिल १०१ च्या बारा वर्षं आधी.

शेवंताबाई | १५ सप्टेंबर २०२५

वाचतेय. दोन्ही बाजू पटताहेत.

रवळनाथ | १६ सप्टेंबर २०२५

जास्वंद, मी १९७१ साली इथे आलो. माझं वय आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, टाइप हळू होतं, पण तुझा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

आम्ही आलो तेव्हा शाळा भाषेप्रमाणे विभागलेल्या नव्हत्या, धर्माप्रमाणे होत्या. एक कॅथलिक मंडळ, एक प्रोटेस्टंट मंडळ. ही व्यवस्था १९९८ च्या जुलैपर्यंत चालली, नंतर फ्रेंच आणि इंग्रजी अशी मंडळं झाली. १९७३ मध्ये थोरल्याला पहिलीत घालायचं होतं. घरापासून तीन मिनिटांवर फ्रेंच शाळा, कॅथलिक. मी आणि ही, दोघं त्याला नवा शर्ट घालून घेऊन गेलो. मुख्याध्यापिकेने बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. आम्ही हिंदू आहोत म्हटल्यावर तिने कागदावर प्रोटेस्टंट शाळेचा पत्ता लिहून दिला, बसचा नंबरसुद्धा लिहिला. बाई मनाने चांगली होती. ती प्रोटेस्टंट शाळा इंग्रजी होती. ज्यू गेले, ग्रीक गेले, आपण गेलो, सगळे याच वाटेने इंग्रजीकडे गेलो. आम्ही इंग्रजी निवडली असं नंतर म्हटलं गेलं. आम्हाला तर दारातून तिकडे पाठवलं होतं.

आणि त्यांची बाजूही मी जवळून पाहिली. मी एका कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला होतो. खाली शॉप फ्लोअरवर सगळे फ्रेंच, वर ऑफिसात सगळे इंग्रज. ज्या मिस्त्रीला मशीन माझ्यापेक्षा दहापट कळायचं, त्याला माझी ड्रॉइंगवरची इंग्रजी टीप वाचता यायची नाही. तो टोपी काढून वर यायचा आणि विचारायचा. परदेशातून कालपरवा आलेला मी, आणि हा माणूस तीनशे वर्षं इथला. साठच्या दशकात केंद्राच्या द्विभाषिकता आयोगाने प्रांतातल्या चौदा वंशगटांची मिळकत पाहिली, तर फ्रेंच बाराव्या क्रमांकावर निघाले. स्वतःच्या प्रांतात, बहुसंख्य असून. आपसात फ्रेंच बोलणाऱ्यांना 'स्पीक व्हाइट', म्हणजे गोऱ्यांची भाषा इंग्रजी बोला, असं तोंडावर सुनावलं जायचं, ते मी स्वतः एकदा ट्राममधल्या जुन्या माणसाच्या तोंडून ऐकलं आहे. चूक झाली, बसमध्ये. ट्राम तोवर बंद झाल्या होत्या.

मग त्यांचं लक्ष शाळेवर का गेलं? पूर्वी त्यांच्याकडे घरटी दहा-बारा पोरं. चर्चचा तसा धाकच होता. १९६० नंतर ते सगळं पालटलं, दोनच मुलं व्हायला लागली. आणि बाहेरून येणाऱ्यांची दहातली आठ-नऊ मुलं इंग्रजी शाळेत. त्यांनी हिशेब केला की मॉन्ट्रियल हातातून जाणार.

ठिणगी पडली मॉन्ट्रियलच्या सेंट-लिओनार्ड भागात. आमचे घरमालक तिथलेच, इटालियन, त्यांनी सगळं पाहिलेलं. १९६८ मध्ये तिथल्या कॅथलिक शाळामंडळाने पहिलीचे द्विभाषिक वर्ग बंद करून फ्रेंच केले. इटालियन आईबापांनी तळघरांत स्वतःच्या शाळा काढल्या. सप्टेंबर १९६९ मध्ये जाँ-तालाँ रस्त्यावर मारामारी झाली, काचा फुटल्या, दंगल कायदा वाचून दाखवावा लागला. ते म्हणायचे, "माझ्या रस्त्यावर दोन गरीब एकमेकांना मारत होते." त्यानंतर सरकारने आधी बिल ६३ आणून माध्यम निवडायची मोकळीक दिली, त्यावर फ्रेंच लोक खवळले. १९७४ च्या बिल २२ ने सहा वर्षांच्या मुलांची इंग्रजीची परीक्षा लावली: आली तर इंग्रजी शाळा, नाही तर फ्रेंच. घरमालकांच्या धाकट्यासाठी पुन्हा तळघरात क्लास! सहा वर्षांचं पोर ॲपल, चेअर, विंडो घोकत बसलेलं मी पाहिलंय. त्या परीक्षेने इंग्रज, फ्रेंच, इटालियन सगळेच नाराज झाले.

२६ ऑगस्ट १९७७ ला बिल १०१ मंजूर झालं. आमच्या धाकटीची शाळा आठवड्यावर होती. कायद्यात सोय होती की थोरलं भावंड आधीच इंग्रजी शाळेत असेल तर धाकट्यालाही जाता येईल. म्हणून ती गेली. १९७८ मध्ये आमच्या वरच्या मजल्यावर डोंबिवलीचं कुटुंब आलं, त्यांच्या मुलाला ती सोय नव्हती. एकाच जिन्यावरची दोन मराठी मुलं, सकाळी एक डावीकडे जायचा, एक उजवीकडे. काही आईबापांनी तर कायदा मोडून मुलांना इंग्रजी शाळेतच बसवलं. त्या मुलांना शाळा शिकवायची, पण सरकारदप्तरी ती मुलं नव्हतीच. शिकून झालं तरी हातात दाखला नाही. १९८६ मध्ये माफी देऊन तो प्रश्न मिटवला.

एक कामाची गोष्ट सांगतो. हा हक्क वारशाने जातो. आमच्या मुलांकडून नातवंडांना आला. थोरल्याने स्वतःची मुलं मुद्दाम फ्रेंच शाळेत घातली, पण प्रमाणपत्र काढून ठेवलं, कारण न वापरता नुसतं काढून ठेवलं तरी पुढच्या पिढीचा हक्क टिकतो. आमच्या घरी ते कपाटात घराच्या कागदांबरोबर ठेवलेलं आहे.

मधल्या सुट्टीचं मला पटत नाही. तू बोल त्यांच्याशी.

पर्वतीपायथा | १६ सप्टेंबर २०२५

काका, साष्टांग. त्या मिस्त्रीची गोष्ट वाचून थांबलो. बाप्तिस्म्याचा दाखला मागणं वगैरे मला काहीच माहीत नव्हतं.

मेपलपान | १७ सप्टेंबर २०२५

माझं मराठी घरी शिकलेलं आहे, चुका समजून घ्या.

मी १९८८ ची, जन्म मॉन्ट्रियलचा. आमच्या पिढीला इथे 'बिल १०१ ची मुलं' म्हणतात. मी पार्क-एक्स्टेन्शनमध्ये वाढले. वर्गात हैतीची, व्हिएतनामची, लेबनॉनची, श्रीलंकेच्या तमिळांची मुलं. जन्मजात फ्रेंच मुलं तीन-चारच. आम्हाला एकमेकांशी बोलायला फ्रेंच सोडून भाषाच नव्हती, त्यामुळे मैदानात ती आपोआप आली. कुणी सांगावं लागलं नाही. उलट पुढे हायस्कूलला इंग्रजी बोलल्यावर शिक्षा सुरू झाली आणि तेव्हापासून आम्ही मुद्दाम लॉकरजवळ इंग्रजी बोलायला लागलो. जास्वंदताई, हा मुद्दा शाळेला नक्की सांगा. तारे काढून मुलांना फ्रेंच आवडत नाही.

पण बिल १०१ मुळे मला काय मिळालं तेही सांगते. मी आज हॉस्पिटलमध्ये काम करते. रात्री दोन वाजता घाबरलेल्या म्हाताऱ्या फ्रेंच आजोबांशी त्यांच्या भाषेत, त्यांच्या हेलात बोलते, तेव्हा त्यांचा हात सैल होतो. माझे आईबाबा चाळीस वर्षं राहूनही इथे पाहुणे आहेत. मी नाही. आणि इंग्रजी बुडेल ही भीती सोडा. आता फ्रेंच शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय असतो, २००६ पासून. बऱ्याच शाळांत सहावीत अर्धं वर्ष नुसतं इंग्रजी. शिवाय टीव्ही, फोन, सगळं इंग्रजीच. तिचं इंग्रजी कुठेही जात नाही. गेलं तर मराठी जाईल, तिकडे लक्ष द्या.

आता दुसरी बाजू. १९९५ चं सार्वमत. मी सात वर्षांची होते. कॅनडातून वेगळं व्हायचं की नाही, आणि ५०.५८ टक्के नाही म्हणाले. चोपन्न हजार मतांचा फरक. त्या रात्री प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, पारिझो टीव्हीवर म्हणाले की आम्ही हरलो ते पैशामुळे आणि एथ्निक मतांमुळे. मला फ्रेंच समजत होतं, आईबाबांना कमी. बाबांनी विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं. बाबांनी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. मी त्यांच्या शाळेत, त्यांच्या भाषेत पहिला नंबर काढत होते, आणि तरी ते 'आम्ही' म्हणत होते त्यात मी नव्हते. भाषा शिकवली की माणूस आपला होतो, असं सांगून ते आम्हाला शाळेत घेऊन गेले होते ना? मग ते खरं करून दाखवायची जबाबदारी त्यांचीही आहे.

आणि या सगळ्यात ज्यांची जमीन ते कुणाच्याच बोलण्यात नसतात. नदीपलीकडे काहनावागे आहे, इथल्या मूळनिवासी मोहॉक लोकांचं. त्यांच्यात इंग्रजी रुजली, स्वतःची भाषा ते मोठ्या कष्टाने मुलांना परत शिकवताहेत, आणि बिल ९६ म्हणतं आता फ्रेंचही जास्त हवी. २०२२ मध्ये ते निषेधाला उतरले होते. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

टिळकवाडी | १७ सप्टेंबर २०२५

बेळगावकर असल्याने राहवलं नाही. मी मराठी शाळेत शिकलो, कन्नड सक्तीची होती, आज कन्नड उत्तम येतं आणि त्याचा फायदाच झाला. पण सक्तीच्या बाईंनी शिकवलेल्या कन्नडपेक्षा गल्लीत क्रिकेट खेळताना शिकलेलं कन्नड माझं आहे. कर्नाटक सरकारने १९९४ मध्ये प्राथमिक शाळेचं माध्यम मातृभाषा किंवा कन्नड असं ठरवलं होतं, ते प्रकरण वीस वर्षं चाललं आणि मे २०१४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारला मातृभाषेचंही माध्यम लादता येत नाही, निवड पालकांची. क्वेबेकमध्ये नेमकं उलटं झालंय. कुठलं बरोबर हे मला अजून ठरवता येत नाही. त्या निकालाने मुभा मिळाली आणि सगळे इंग्रजीकडे गेले, हेही खरं आहे. आमच्या मराठी शाळेच्या पहिलीत आता किती मुलं आहेत ते सांगवत नाही.

डुआला_ते_डोंबिवली | १८ सप्टेंबर २०२५

मी कॅमेरूनमध्ये तीन वर्षं नोकरी केली. तिथे क्वेबेकच्या उलट चित्र: फ्रेंच बोलणारे जास्त, इंग्रजी बोलणारे पाचातला एक, वायव्य आणि नैर्ऋत्य अशा दोन विभागांत. १९६१ मध्ये एकत्र आले तेव्हा दोघांच्या शाळा आणि कोर्टं वेगळी राहतील असं ठरलं होतं. मग हळूहळू इंग्रजी शाळांत फ्रेंचच बोलणारे शिक्षक पाठवायला लागले, कोर्टात तसेच न्यायाधीश. २०१६ च्या शेवटी वकील आणि शिक्षक संपावर गेले. तो दडपला, मग बंदुका निघाल्या आणि शाळा कित्येक वर्षं बंद पडल्या. माझ्या ऑफिसातला शिपाई आपल्या दोन मुलींना बामेंडाहून डुआलाला घेऊन आला होता, शाळेसाठी. धाकटी तीन वर्षं शाळेत गेलीच नव्हती. आठ वर्षांची पोर पेन्सिल मुठीत धरून लिहायची.

मॉन्ट्रियलमध्ये लोक कोर्टात जातात, निवडणुका लढतात, एकमेकांना पत्रं लिहितात. ते फार मोठं आहे, एवढंच मला म्हणायचंय.

ओटावाकर | १८ सप्टेंबर २०२५

जास्वंद, शाळेत बोलायला जाणार असाल तर ही माहिती बरोबर घेऊन जा.

१९१२ मध्ये आमच्या ऑन्टारिओ प्रांताने 'नियम १७' काढला: फ्रेंचमधून शिकवायचं ते पहिली दोन वर्षं, पुढे सगळं इंग्रजी. ओटावाच्या मरे स्ट्रीटवर गीग नावाची शाळा होती. तिथल्या देलोज आडनावाच्या दोन बहिणी फ्रेंच शिकवत राहिल्या. त्यांना काढायला पोलीस येणार म्हटल्यावर जानेवारी १९१६ च्या थंडीत आया शाळेच्या दारात उभ्या राहिल्या, हातात टोपीच्या लांब पिना, कात्र्या, लाटणी. पोलिसांना आत जाता आलं नाही. तो नियम १९२७ पर्यंत लागू होता. मॅनिटोबाने १९१६ मध्येच फ्रेंच वर्ग बंद केले. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंची आजी तिथल्या सेंट-बोनिफेसची. इन्स्पेक्टर आला की मुलं फ्रेंच पुस्तकं बाकाखाली सरकवायची आणि इंग्रजी वर ठेवायची, ही गोष्ट त्यांच्या घरात अजून सांगतात. अमेरिकेतल्या लुइझियानात १९२१ च्या राज्यघटनेने शाळेत इंग्रजीच ठेवली, आणि 'मी शाळेच्या मैदानात फ्रेंच बोलणार नाही' हे वाक्य मुलांकडून पानंच्या पानं लिहून घेतलं.

शाळेच्या मैदानात! फ्रेंच लोकांच्याच आजीआजोबांना हे भोगावं लागलं आहे. भांडायला जाऊ नका. एवढंच विचारा की तारा काढून घेण्याचा हा प्रकार त्यांना कशाची आठवण करून देतो.

वेस्टआयलंड | १८ सप्टेंबर २०२५

+१. आणि लेखी मागा, ईमेलवर.

जास्वंद | १९ सप्टेंबर २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. मेपलपान, तुझं मराठी छान आहे. तू लिहिलेलं 'त्यात मी नव्हते' मला फार लागलं.

शाळेला पत्र लिहितेय. फ्रेंचमध्येच लिहिणार आहे, मोडकं असलं तरी. माझ्या फ्रेंच वर्गातली मैत्रीण तपासून देणार आहे, ती कोलंबियाची आहे.

जास्वंद | ५ ऑक्टोबर २०२५

मंडळी, काय झालं ते सांगते.

पत्रानंतर आठवड्याने बोलावलं. वर्गशिक्षिका आणि उपमुख्याध्यापक होते. मी घोकून नेलं होतं, तरी तिसऱ्या वाक्याला अडखळले. शिक्षिका म्हणाल्या, इंग्रजीत बोला, चालेल. मी म्हटलं नको. वीस मिनिटं लागली, पण मी फ्रेंचमध्येच सांगितलं: वर्गात फ्रेंच हवी, गृहपाठात हवी, मीसुद्धा शिकतेय. मधल्या सुट्टीत ती दमलेली असते. दिवसातली तेवढीच वीस मिनिटं तिला शब्द शोधावे लागत नाहीत. ती तिची राहू द्या. मग ओटावाकरांनी सांगितलेली गीग शाळेची आणि इन्स्पेक्टरची गोष्ट सांगितली. शिक्षिका काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, टोपीच्या पिनांची गोष्ट मी मुलांना शिकवते.

वर्गातला ताऱ्यांचा तक्ता काढलाय. शिक्षिकेने स्वतः काढला, त्यांच्या अखत्यारीत होता तो. शाळेचा आठवा मुद्दा तसाच आहे. उपमुख्याध्यापक म्हणाले, पालकसभेत मांडा, नोव्हेंबरमध्ये आहे. मांडणार आहे. देखरेखीच्या बाई अजून "आँ फ्रान्से" म्हणतात, पण पुढे काही करत नाहीत. यावर मी समाधानी नाही, पण लेक डबा खाऊन येतेय.

गंमत म्हणजे बालाँ-प्वारचा स्कोअर ती आता फ्रेंचमध्येच मोजते, घरी अंगणातसुद्धा. नाशिकच्या मैत्रिणीशी भांडते मात्र मराठीत.

आता एक वेगळी मदत हवी आहे. दर शुक्रवारी दिक्ते असते, म्हणजे श्रुतलेखन, वीस शब्द. या वेळी खारीचा शब्द आहे, 'एक्युरय'. दारात दिवसभर खारी नाचत असतात, पण शब्द काही बसत नाही. 'ई' आधी की 'यू' आधी, यात आम्ही दोघी रोज चुकतो. काही युक्ती आहे का?

मेपलपान | ५ ऑक्टोबर २०२५

आहे! मला दुसरीत मादामने शिकवली होती. एक्युरयचं शेपूट पाहा: ई-यू-आय-एल. खुर्चीचं 'फोतय', उंबरठ्याचं 'सय', हरणाचं 'शव्हरय', सगळ्यांचं शेपूट हेच. एका कागदावर चारही शब्द एकाखाली एक लिहा आणि शेपटाला रंग द्या.

फक्त 'सी' किंवा 'जी'नंतर आलं तर उलटतं, 'यू' आधी आणि मग 'ई'. त्याचं उदाहरण तिला रोज दिसतं. वर्गाच्या दारावरच्या पाटीवर आहे: आकय.